डागाळलेल्या भाषेचा कथाकार : डिऑन मेयर आणि आफ्रिकान्स रहस्यकादंबरी

मराठीतील ‘तुरुंग’ हा शब्द पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आला, असे व्युत्पत्तिकार सांगतात. वसई प्रांतावर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता आणि गोमंतकात तो त्यानंतरही दीर्घकाळ राहिला. त्या अमदानीने पश्चिम किनाऱ्यावरील भाषांत जे शब्द मागे ठेवले, त्यांतला हा एक. परंतु हाच शब्द ह्याच अर्थाने आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाशी नांदणाऱ्या एका भाषेत आजही नित्य वापरात आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. तेथे त्याचे रूप ‘ट्रोंक’ असे आहे, आणि ती भाषा म्हणजे आफ्रिकान्स. वर्णद्वेषी राजवटीची भाषा म्हणून जगाने जिला ओळखले आणि शाळकरी मुलांनी जिच्याविरुद्ध रस्त्यावर उतरून गोळ्या झेलल्या, ती हीच भाषा. ह्या भाषेतील एका लेखकाच्या कारकिर्दीचा परिचय वाचकांना करून द्यावा, असे आम्ही योजिले आहे. लेखकाचे नाव डिऑन मेयर. ते रहस्यकादंबऱ्या लिहितात. एरवी ज्या वाङ्मयप्रकाराची गणना आपण रेल्वे-प्रवासातील करमणुकीत करतो, त्या प्रकाराने एका भाषेची गमावलेली पत सावरण्यास कसा हातभार लावला, हा आमच्या लेखाचा विषय आहे.

भाषेचे दोन चेहरे

केप बंदरात डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये यान फान रीबेक ह्यांच्या हाताखाली आपले ठाणे वसविले. पूर्वेकडे जाणाऱ्या गलबतांना ताजे पाणी, भाजीपाला आणि मांस पुरवावे, एवढाच त्यामागील मूळ हेतू होता. पुढे तेथे डच, जर्मन आणि फ्रेंच प्रॉटेस्टंट वसाहतवाले आले. त्यांच्या शेतांवर आणि घरांत राबण्यासाठी इंडोनेशियाची बेटे, मादागास्कर, पूर्व आफ्रिका तसेच आपल्या हिंदुस्थानातील मलबार, कोरोमंडल व बंगाल येथून गुलाम आणले गेले. मूळचे खोईखोई लोक तेथे होतेच. ह्या सर्वांच्या तोंडी पडून डच भाषेचे रूप पालटले. क्रियापदाला पुरुषाप्रमाणे आणि वचनाप्रमाणे बदलण्याचे कष्ट उरले नाहीत. मलाय भाषेतून ‘बाया’ म्हणजे ‘पुष्कळ’ आणि ‘पिसांग’ म्हणजे ‘केळे’ असे शब्द आले. आणि हिंदी महासागरातील बंदरांत गुलाम व खलाशी ज्या मोडक्या पोर्तुगीजमध्ये व्यवहार करीत, तिच्यातून ‘ट्रोंक’सारखे शब्द आले. रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावातील ख्रिस्ती समाज जी पोर्तुगीज-मिश्र बोली बोलतो, तीही त्याच सागरी व्यवहाराची लेक. त्या अर्थाने केपच्या भाषेशी तिचे दूरचे का होईना, नाते आहे.

अशा रीतीने आफ्रिकान्स ही आरंभी स्वयंपाकघराची, तबेल्याची आणि बाजाराची बोली होती. शिष्टजन तिला ‘कोम्बइसताल’, म्हणजे स्वयंपाकघराची भाषा, म्हणून हिणवीत. तिच्या प्रारंभीच्या लिखाणात केपमधील मुसलमानांच्या मदरशांतून अरबी लिपीत लिहिलेल्या धर्मविषयक पुस्तकांचा समावेश होतो. अबू बक्र एफेंदी ह्यांचा असा एक ग्रंथ १८७७ मध्ये इस्तंबूल येथे छापला गेला. गोऱ्या शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यांनी ही भाषा आपली म्हणून उचलून धरली ती साधारण त्याच सुमारास. १८७५ मध्ये पार्ल ह्या गावी ‘खऱ्या आफ्रिकानरांचा संघ’ स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने आपले वृत्तपत्र काढले. १९२५ मध्ये आफ्रिकान्सला राजभाषेचे स्थान मिळाले आणि १९३३ मध्ये संपूर्ण बायबल त्या भाषेत प्रसिद्ध झाले. म्हणजे दोन पिढ्यांच्या अवधीत स्वयंपाकघराची बोली न्यायालयाची, विद्यापीठाची आणि देवळाची भाषा झाली. मातृभाषेवर प्रेम करणाऱ्या कोणासही हा इतिहास अभिमानास्पद वाटेल.

परंतु ह्या अभिमानाला लवकरच वेगळे वळण लागले. १९४८ मध्ये नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि ‘अपार्टहाइट’ हा आफ्रिकान्स शब्द जगातील प्रत्येक भाषेत शिवीसारखा जाऊन पोहोचला. पासबुके तपासणारा शिपाई, घर रिकामे करण्याची नोटीस देणारा कारकून आणि शिक्षा सुनावणारा न्यायाधीश बहुधा ह्याच भाषेत बोलत. १९७४ मध्ये काळ्या मुलांच्या शाळांतून गणितासारखे विषय आफ्रिकान्समध्येच शिकविण्याचा हुकूम निघाला. त्याविरुद्ध १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला आणि पोलिसांनी मुलांवर गोळीबार केला. पार्लच्या डोंगरावर ह्या भाषेचे भव्य स्मारक उभारले गेले ते आदल्याच वर्षी, १९७५ मध्ये. जगात भाषेचे असे स्मारक क्वचितच असेल. आणि ते उभे राहिल्यावर वर्ष उलटण्याच्या आत त्याच भाषेपायी लेकरांचे रक्त सांडावे, ह्याहून दारुण विसंगती कोणती?

मुलांची पुस्तके

कोणतीही भाषा टिकते ती तिच्यातील महाकाव्यांमुळे, असे मानण्याची आपल्याकडे प्रथा आहे. आम्हांस मात्र असे वाटते की, जी भाषा दहा-बारा वर्षांच्या मुलाला अंथरुणात चोरून वाचण्याजोगे पुस्तक देऊ शकते, तिचेच भवितव्य शाबूत राहते. आफ्रिकान्सने हे काम फार लवकर आणि मोठ्या हिरिरीने केले. सी. जे. लांगेनहोफेन ह्यांनी १९२३ मध्येच ‘लूलूराय’ ह्या कादंबरीत शुक्र ग्रहावरून आलेला पाहुणा वाचकांच्या भेटीस आणला होता. पुढे स्टेला ब्लेकमोर ह्यांनी ‘मासडॉर्प’ ही मुलींच्या शाळेची कथामाला आणि टेउनिस क्रोख ह्या टोपणनावाने ‘केउरबोसलान’ ही मुलांच्या शाळेची कथामाला लिहिली. टॉप्सी स्मिथ ह्यांच्या खोडकर ट्रॉम्पीने आणि त्याच्या टोळीने पिढ्यान्पिढ्यांची करमणूक केली. लिऑन रूसो ह्या तरुणाने फ्रिट्स डिएलमान नावाच्या नायकाची साहसी कथामाला लिहून मुलांना अंतराळात नेले.

ह्याच रूसो ह्यांनी कूस ह्यूमान ह्यांच्याबरोबर १९५९ मध्ये ‘ह्यूमान आणि रूसो’ ही प्रकाशनसंस्था काढली. आफ्रिकान्समधील नव्या, बंडखोर लेखकांना तिने आसरा दिला, आणि पुढे अर्धशतकानंतर मेयर ह्यांच्या अनेक गाजलेल्या कादंबऱ्या त्याच संस्थेच्या मुद्रेने बाहेर पडल्या. म्हणजे कुमारांच्या साहसकथांपासून प्रौढांच्या रहस्यकादंबरीपर्यंतचा हा एकच प्रवाह आहे. तथापि ह्या जुन्या बालपुस्तकांकडे आज पाहिले असता त्यांतील एक पोकळी डोळ्यांत भरते. त्या शाळा गोऱ्या मुलांच्या होत्या आणि त्या साहसांचे धनीही गोरेच होते. ही भाषा आईच्या दुधाबरोबर शिकलेली, पण वर्णाने ‘कलर्ड’ म्हणून वेगळी काढलेली लक्षावधी मुले त्या पानांत जवळजवळ नव्हतीच. आणि असली तर दाराबाहेर उभी.

प्रौढ वाङ्मयाची कथा आणखी वेगळी. आंद्रे ब्रिंक ह्यांची ‘केन्निस फान दी आन्ट’ ही कादंबरी १९७४ मध्ये बंदी घातली गेलेली पहिली आफ्रिकान्स साहित्यकृती ठरली. गंभीर लेखक ह्याप्रमाणे सरकारशी झगडत असताना रहस्यकथेची मात्र निराळीच पंचाईत झाली होती. रहस्यकथेस तपास करणारा पोलीस लागतो आणि त्याच्याविषयी वाचकास विश्वास वाटावा लागतो. ज्या देशात पोलीस ठाण्यात गेलेला माणूस खिडकीतून पडून मेला म्हणून जाहीर होई, तेथे पोलीस अधिकाऱ्याला सत्याचा शोधक म्हणून रंगविणे हे एकतर खोटे ठरले असते किंवा लाचारीचे. त्यामुळे खऱ्या अर्थाने आफ्रिकान्स गुन्हेशोधक कादंबरी बहरण्यासाठी राजवटच बदलावी लागली.

पार्लचा मुलगा

डिऑन मेयर ह्यांचा जन्म १९५८ मध्ये पार्लमध्ये, म्हणजे भाषेच्या त्या स्मारकाच्याच गावी झाला. बालपण गेले ते मात्र उत्तरेकडील क्लेर्क्सडॉर्प ह्या सोन्याच्या खाणींच्या शहरात. चौदाव्या वर्षी त्यांनी एक कादंबरी लिहिली आणि आपल्या दोन भावांना ती बळेच वाचावयास लावली. भावांना ती मुळीच आवडली नाही, असे ते स्वतःच मिश्किलपणे सांगतात. सक्तीची लष्करी सेवा आणि पॉचेफस्ट्रूम विद्यापीठातील शिक्षण आटोपल्यावर ते ब्लूमफाँटेन येथील ‘डी फोल्क्सब्लाड’ ह्या दैनिकात वार्ताहर झाले. नंतर जनसंपर्क, जाहिरात-लेखन आणि पुढे संगणक-जाल अशा क्षेत्रांत त्यांनी नोकऱ्या केल्या. लेखन चालू होते ते नोकरी सांभाळून, पहाटेचे किंवा रात्रीचे तास वेचून. त्यांच्या पहिल्या लघुकथा ‘ह्युसखेनूट’ ह्या लोकप्रिय कौटुंबिक साप्ताहिकात आल्या.

त्यांची पहिली कादंबरी ‘व्ही मेट फ्यूर स्पील’, म्हणजे ‘जो विस्तवाशी खेळतो’, १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. हे वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत सर्व वर्णांच्या नागरिकांनी प्रथमच एकत्र मतदान केले आणि नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. मेयर ह्यांनी आपले हे पहिले पुस्तक कधी भाषांतरित होऊ दिले नाही. जगाच्या बाजारात ते उभे राहू शकणार नाही, परंतु त्याने आपल्याला पुष्कळ शिकविले, असे त्यांचे म्हणणे. आपल्याच कृतीविषयी इतके निर्भीड मत देणारे लेखक विरळा.

खरी सुरुवात झाली ती १९९६ मधील ‘फेनिक्स’ ह्या कादंबरीने. तिचा नायक माट यूबेर हा केपटाऊनचा पोलीस अधिकारी. त्याची पत्नीही पोलिसांत होती आणि कर्तव्य बजावताना तिचा खून झाला. त्या दुःखाने तो खचला आहे, स्थूल झाला आहे, जगण्यावरची त्याची वासना उडाली आहे. शहरात एका जुन्या माउझर पिस्तुलाने एकामागून एक खून होत आहेत आणि त्या तपासाच्या निमित्ताने हा राखेतला माणूस पुन्हा उभा राहू लागतो. त्याच वर्षी आर्चबिशप डेस्मंड टुटू ह्यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोगाची जाहीर सुनावणी सुरू झाली होती. एका बाजूस राष्ट्र आपल्या पोलिसांच्या दुष्कृत्यांची साक्ष ऐकत होते, तर दुसऱ्या बाजूस एक लेखक मोडलेल्या पोलिसाला माणूस म्हणून पुन्हा घडवू पाहत होता. ह्या दोन घटनांत कार्यकारणाचा संबंध आम्ही जोडीत नाही. परंतु दोहोंमागची गरज एकच होती, असे आम्हांस वाटते.

२००० साली ‘ओरिओन’ आली. येथे एका खुनाचा तपास करताना नायकाला १९७६ च्या अंगोला सीमेवरील युद्धातील एका गुपितापर्यंत जावे लागते. ह्या कादंबरीचे वैशिष्ट्य असे की, तपासाच्या प्रकरणांमधून नायक फान हेर्डन स्वतःच्या बालपणाची, खाणगावातील वाढीची हकीकत सांगत जातो. ज्या प्रांतात लेखक वाढला, त्याच प्रांताचे हे चित्र आहे. २००२ मधील ‘प्रोटेअस’मध्ये मेयर ह्यांनी आणखी धाडस केले. तिचा नायक थोबेला म्पायिफेली हा खोसा जमातीचा, मुक्तिलढ्यातील सशस्त्र दलाचा जुना सैनिक. आफ्रिकान्स वाचकांना ज्याच्या नावाने चळाचळा कापावयास शिकविले होते, तोच माणूस आता त्यांच्याच भाषेत त्यांचा नायक झाला. मोटारसायकलवरून तो देश ओलांडतो आणि वाचक त्याच्या सुटकेची प्रार्थना करू लागतो. २०२४ मध्ये ह्या कादंबरीवर चित्रपट निघाला, तोही जगभर पाहिला गेला.

तपास आणि कबुली

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘इन्फान्ता’ ही मेयर ह्यांच्या कारकिर्दीतील शिखरकृती आहे, असे आमचे मत. तिच्यात तीन आयुष्ये गुंफली आहेत. पहिले थोबेलाचे. मुलासारख्या वाढविलेल्या पोराचा पेट्रोल पंपावरील दरोड्यात खून होतो, मारेकरी कोठडीतून निसटतात आणि थोबेला हाती भाला घेऊन मुलांवर अत्याचार करणाऱ्यांना स्वतःच शासन करीत सुटतो. दुसरे क्रिस्टीनचे. देहविक्रय करून आपल्या लहानग्या मुलीला वाढविणारी ही तरुणी एका पाळकासमोर बसून आपली कहाणी सांगते आहे, आणि ह्या सांगण्यावरच कादंबरीचा अर्धा डोलारा उभा आहे. आपल्या वाचकांना कबुलीच्या संस्काराची सवय आहे. तेव्हा बोलणाऱ्याच्या मनातील गुंता आणि ऐकणाऱ्याची जबाबदारी ह्या दोहोंचे येथे घडणारे दर्शन त्यांना सहज उमगेल. मात्र येथील पाळक प्रॉटेस्टंट आहे, आणि क्रिस्टीन सांगते त्यातले किती खरे, किती हातचे राखलेले, ह्याविषयी लेखक वाचकाला शेवटपर्यंत साशंक ठेवतो.

तिसरे आयुष्य बेनी ग्रीसलचे. ‘फेनिक्स’मध्ये एक दुय्यम, दारूडा सहकारी म्हणून तो ओझरता येऊन गेला होता. ‘इन्फान्ता’च्या आरंभी त्याची पत्नी त्याला घराबाहेर काढते आणि सहा महिने दारू सोडून दाखव, मगच परत ये, असे बजावते. तेथून पुढे हा मनुष्य मेयर ह्यांच्या कादंबऱ्यांचा मुख्य आधार झाला. मद्यपी गुप्तहेर हे रहस्यकथेतील जुने पात्र; बहुधा त्याची बाटली ही त्याच्या रुबाबाचाच एक भाग असते. ग्रीसलच्या बाबतीत असे नाही. त्याची दारू म्हणजे थरथरणारे हात, विसरलेली वचने, मुलीच्या डोळ्यांतली शरम आणि प्रेताशेजारी उभे असताना कानात घुमणारी किंकाळी. तो व्यसनमुक्तांच्या सभांना जातो, दिवस मोजतो, बास गिटार वाजवतो आणि एकेक सायंकाळ कशीबशी पार पाडतो. २०१५ मधील ‘इकारस’ ह्या कादंबरीत ६०२ दिवसांच्या संयमानंतर, एका सहकाऱ्याच्या घरातील भीषण शोकांतिका पाहून, तो पुन्हा प्याला उचलतो. कथानायकाचे असे पतन दाखविण्यास लेखकाला धैर्य लागते. ज्या कुटुंबाने हे व्यसन घरात भोगले आहे, त्याला ती पाने परकी वाटणार नाहीत. एकदा सुटलेला मनुष्य कायमचा सुटत नसतो, त्याला रोज सकाळी नव्याने सुटावे लागते, हे सत्य एखाद्या प्रवचनाहून ह्या कादंबऱ्यांनी अधिक परिणामकारकपणे सांगितले आहे.

अनेक जिभांचे शहर

२००८ मधील ‘१३ उर’, म्हणजे ‘तेरा तास’, ही कादंबरी एकाच दिवसात घडते. पहाटे केपटाऊनच्या डोंगरउतारावर एक अमेरिकन तरुणी जीव मुठीत धरून पळत आहे आणि तिच्या मैत्रिणीचे प्रेत चर्चच्या आवाराशी पडले आहे. ह्याखेरीज दुसऱ्या एका खुनाचा तपासही त्याच दिवशी चालू होतो. ग्रीसलकडे स्वतंत्र तपास देण्याऐवजी नव्या अधिकाऱ्यांना मार्गदर्शन करण्याचे काम दिले आहे. त्यांत खोसा तरुण आहे, ‘कलर्ड’ अधिकारी आहे आणि म्बाली कालेनी ही झुलू अधिकारी स्त्री आहे. जुन्या दलातील गोरा अधिकारी आणि नव्या राष्ट्रातील अधिकारी ह्यांनी एका मोटारीत बसून काम करावयाचे, ते करताना एकमेकांचे संशय आणि दुखावलेपण गिळावयाचे, हा ह्या कादंबरीतील दुसरा तपास आहे. आणि आमच्या मते तो पहिल्याहून कमी उत्कंठावर्धक नाही.

पुढील कादंबऱ्यांत ग्रीसलचा जोडीदार म्हणून व्हॉन क्युपिडो पुढे आला. केप फ्लॅट्स ह्या वालुकामय मैदानी वस्त्यांशी त्याचे नाते आहे. १९५० च्या कायद्यानुसार शहराचे वर्णवार वाटप झाले, १९६६ मध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग गोऱ्यांसाठी राखीव म्हणून जाहीर झाला आणि तेथून उठविलेल्या कुटुंबांना अशाच वस्त्यांत नेऊन टाकले गेले. क्युपिडो बोलतो ती केपची ठसकेबाज बोली, इंग्रजी शब्दांनी मिसळलेली, तिरकस विनोदाने भरलेली. शाळेतील शिक्षक ज्या बोलीला अशुद्ध म्हणून दटावीत, ती येथे प्रतिष्ठित प्रकाशनाच्या पुस्तकात, एका हुशार आणि प्रामाणिक अधिकाऱ्याच्या तोंडी आली. वास्तविक आफ्रिकान्स मातृभाषा असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक गोरे नाहीत. ज्यांच्या पूर्वजांनी गुलामीत ही भाषा घडविली, त्यांनाच तिच्या पुस्तकांतून वगळले गेले होते. त्यांच्यासाठी दार उघडण्याचे काम ॲडम स्मॉलसारख्या कवींनी फार पूर्वी आरंभिले होते, आणि ते श्रेय त्यांचेच. मेयर ह्यांनी केले ते एवढेच की, गंभीर काव्य न वाचणाऱ्या सामान्य वाचकाच्या उशाशी तीच बोली नेऊन ठेविली.

बाहेरच्या जगानेही त्यांची दखल घेतली. १९९९ मध्ये ‘फेनिक्स’चा इंग्रजी अनुवाद मॅडेलिन फान बिल्यॉन ह्यांनी केला, ‘प्रोटेअस’पासून पुढे हे काम प्रामुख्याने के. एल. सीगर्स ह्यांनी केले. २००३ मध्ये फ्रान्समधील रहस्यवाङ्मयाचा प्रतिष्ठित पुरस्कार त्यांना मिळाला, २०१० मध्ये ‘इन्फान्ता’ला स्वीडनचा मार्टिन बेक पुरस्कार लाभला. वीसहून अधिक भाषांत त्यांची पुस्तके गेली. हे सर्व झाले ते त्यांनी आफ्रिकान्स न सोडता. इंग्रजीत लिहिले असते तर मार्ग अधिक सुकर झाला असता. तरी मूळ कादंबरी प्रथम मातृभाषेतच लिहावयाची, हा नेम त्यांनी २०२३ मधील ‘लिओ’पर्यंत पाळला.

तापाची गोष्ट

२०१६ मध्ये मेयर ह्यांनी रहस्यकथेची चाकोरी सोडून ‘कूर्स’, म्हणजे ‘ताप’, ही कादंबरी लिहिली. एका विषाणूच्या साथीने जगातील बहुतांश माणसे मृत्यू पावली आहेत. हा विषाणू कोरोना गटातील आहे, असे लेखकाने दाखविले होते. आणि चारच वर्षांनी अवघ्या जगाने त्या नावाची धास्ती घेतली. परंतु हे पुस्तक भाकितासाठी वाचू नये. विलेम स्टॉर्म नावाचा एक सहृदय, पुस्तकवेडा माणूस आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला, निकोला, घेऊन मोटारीतून उजाड देशात भटकतो आणि एका धरणाच्या काठी नवी वसाहत वसवितो. तिचे नाव ‘अमान्झी’, म्हणजे पाणी. निरनिराळ्या वर्णांची, भाषांची, श्रद्धांची माणसे तेथे येतात. ती धान्य पिकवितात, वीज आणतात, निवडणूक घेतात आणि मग भांडतातही. विलेम देव न मानणारा. त्याच्या समोर उभा राहतो तो एन्कोसी हा धर्मोपदेशक, ज्याला देवाच्या राज्याशिवाय समाजाचा पाया पक्का होईल असे वाटत नाही. दोघेही सज्जन आहेत, आणि म्हणूनच त्यांचा वाद वाचकाच्या मनात रेंगाळतो.

ही सगळी कथा निको सांगतो, वय झाल्यावर, मागे वळून पाहत. वडिलांचा खून कसा झाला ते सांगण्यासाठी आपण हे लिहीत आहोत, असे तो आरंभीच जाहीर करतो. म्हणजे येथेही रहस्य आहेच. परंतु पुस्तकाचा गाभा आहे तो मुलाच्या वाढीचा. बापाच्या प्रेमळपणाची त्याला लाज वाटू लागते. बंदूक चालविण्यात पटाईत असलेला डोमिंगो त्याला अधिक थोर वाटतो. आणि बापाचे मोठेपण समजते तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो. फ्रिट्स डिएलमानच्या साहसांवर वाढलेल्या भाषेला येथे किशोरवयाची एक प्रौढ कथा मिळाली. शिवाय ह्या नव्या वसाहतीत कोणत्याच मुलाला दाराबाहेर उभे राहावे लागत नाही. शेवट आम्ही सांगत नाही; तो ज्याचा त्याने वाचावा.

उरलेले प्रश्न

मेयर ह्यांच्या लेखनावर घेता येण्याजोगे आक्षेप आम्ही झाकून ठेवणार नाही. गोऱ्या लेखकाने थोबेलाच्या मनात शिरून बोलावे, हे काहींना खटकते. सहानुभूती असली तरी अनुभव उसना आहे, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यात तथ्य आहे. कथेची गती राखण्यासाठी स्त्रियांच्या हत्येचा वापर हा ह्या वाङ्मयप्रकाराचा जुना दोष. तोही येथे आढळतो. आणखी असे की, देशातील गुन्हेगारीची भीती ज्यांच्या घराभोवती उंच भिंती आहेत त्यांनाच जणू अधिक छळते, असा ग्रह अशा पुस्तकांमुळे होऊ शकतो. वस्तुतः हिंसेचे बळी झोपडवस्त्यांत अधिक पडतात. मात्र मेयर ह्यांच्या नंतरच्या कादंबऱ्यांत गुन्हेगार गल्लीतून वर सरकत सत्ताधाऱ्यांच्या आणि धनिकांच्या दिवाणखान्यापर्यंत जातो, हेही नमूद केले पाहिजे. २०१८ मधील ‘प्रोय’मध्ये भ्रष्ट राष्ट्राध्यक्ष आहे, तर २०२० मधील ‘डोंकरड्रिफ’मध्ये स्टेलेनबॉशच्या द्राक्षमळ्यांत राहणारा आणि हजारोंची बचत बुडविणारा उद्योगपती.

त्यांच्या भाषेचे पुढे काय होणार, हा प्रश्न तर अधिकच बिकट आहे. २०११ च्या जनगणनेत दक्षिण आफ्रिकेतील सुमारे साडेतेरा टक्के लोकांनी आफ्रिकान्स ही घरची भाषा नोंदविली होती. २०२२ मध्ये हे प्रमाण साडेदहा टक्क्यांच्या आसपास आले. स्टेलेनबॉश विद्यापीठाने २०१६ मध्ये इंग्रजीला अग्रस्थान देणारे धोरण स्वीकारले आणि २०१९ मध्ये देशाच्या घटनात्मक न्यायालयाने ते वैध ठरविले. त्यामागे न्यायाचा विचार आहे : ज्या विद्यार्थ्यांना ही भाषा येत नाही, त्यांना विद्येच्या दाराबाहेर कसे ठेवावे? दुसरीकडे, गरीब ‘कलर्ड’ कुटुंबातील मुलाची तर हीच मातृभाषा. तिचे विद्यापीठातील स्थान संकोचले म्हणजे त्याचेही काही हिरावले जाते. दोन्ही पक्षांकडे सत्याचा अंश आहे, आणि न्यायालयाच्या निकालाने तो वाद संपलेला नाही.

ज्या भाषेत हुकूम सुटले तीच भाषा दोषी असते काय? सोवेटोत ज्या आईचे मूल गेले तिच्यापुढे हा प्रश्न विचारण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु त्या भाषेतच जन्मलेल्यांना तो टाळता येत नाही. आपल्या आजीची अंगाईगीते आणि तुरुंगाधिकाऱ्याची दरडावणी एकाच शब्दांनी घडली आहेत, हे ओझे त्यांना वाहावेच लागते. स्मारके बांधून ते हलके झाले नाही. मेयर ह्यांनी ते हलके करण्याचा जो मार्ग धरला तो साधा होता : ज्यांना त्या भाषेने बाहेर ठेविले त्यांना गोष्टीत आत घ्यावयाचे, त्यांना नायकत्व द्यावयाचे, आणि आपल्याच माणसाची दारू, भीती व लबाडी लपवावयाची नाही. खून कोणी केला, ह्या उत्सुकतेने वाचक पाने उलटीत जातो आणि त्या ओघात शेजाऱ्याच्या घरात डोकावून येतो.

लहान भाषांत लिहिणाऱ्या आणि त्या भाषांची पत्रिके चालविणाऱ्या आमच्यासारख्यांना ह्या कारकिर्दीपासून एक गोष्ट शिकता येईल. आपल्या बोलींच्या रक्षणासाठी आपण परिषदा भरवितो, ठराव करतो. ते आवश्यकच आहे. परंतु आपल्या बोलीत अशी गोष्ट आहे काय, की जी संपल्याशिवाय दिवा मालवू नये असे चौदा वर्षांच्या मुलाला वाटेल? आणि त्या गोष्टीत आपल्या गावचे सर्व लोक आहेत काय, की काहींना आपण अजूनही दाराबाहेरच उभे ठेविले आहे? लेखकांनी आणि संपादकांनी, आमच्यासह, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे लिहून दाखवावयाची आहेत.